ध्येयाचे वाक्य

माझी मुलगी तिसरीत होती, तेव्हा मी स्वयंपाकघरातील कपाटाच्या दारावर एक तक्ता चिकटवला होता. डावीकडे आठवडे, उजवीकडे श्रुतलेखनाचे गुण आणि सर्वांत वर माझ्या हस्ताक्षरात तिचे ध्येय : 'दहापैकी दहा शब्द बिनचूक लिहिणे.' भाषाविज्ञानातील माझा प्रबंध पूर्ण होऊन तेव्हा काही वर्षे झाली होती. मुलांची भाषा कशी घडते, हा विषय मी वर्गात शिकवीत होते. तक्त्यावरचे आकडे महिनाभरात चढत गेले आणि मला समाधान वाटले.

मुलगी दर पंधरवड्याला गावी आजीला पत्र लिहीत असे. गुण वाढताना पाहून मी तोच तक्ता पत्रांनाही लावला. पत्रातील चुका मोजायच्या आणि आकडा मांडायचा. पूर्वीची पत्रे लांबलचक असत. 'आंगनात मुंगुस आलं आणि मांजर कपाटावर चढुन बसली' अशा वाक्यांनी ती भरलेली असत. काही आठवड्यांनी माझ्या आईचा दूरध्वनी आला. ती म्हणाली, "हल्ली हिच्या पत्रात काही घडतच नाही गं." मी ताजे पत्र पाहिले. 'आजी, तू कशी आहेस? मी मजेत आहे. आई मजेत आहे.' एकही चूक नव्हती. मी मुलीला विचारले, तर ती सहजपणे म्हणाली, "मला जे शब्द येतात तेवढेच मी लिहिते. मग चूक होत नाही."

त्याच रात्री मी तक्ता काढून टाकला. पत्रातले मुंगूस मात्र परत आले नाही.

यात माझी चूक नेमकी कोणती होती, हे मला पुष्कळ वर्षांनी धुळे जिल्ह्यात उमगले. अहिराणी बोलीचे नमुने गोळा करण्यासाठी मी काही विद्यार्थ्यांसह एका खेड्यात गेले होते. तेथील जिल्हा परिषदेच्या शाळेत आमचा मुक्काम आठवडाभर होता. वर्गाच्या भिंतीवर अध्ययन निष्पत्तींचा तक्ता लावलेला होता. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने २०१७ मध्ये प्राथमिक स्तरासाठी अशा निष्पत्ती प्रसिद्ध केल्या आणि त्या शाळाशाळांतून पोहोचल्या. कोणत्या इयत्तेअखेर मुलांना काय यावे, हे शिक्षकाला त्यांवरून कळते. दिशा म्हणून त्यांचा उपयोग मोठा आहे. परंतु त्या वाक्यांचा कर्ता तृतीयपुरुषी असतो. ती मुलाविषयी बोलतात. मूल स्वतः त्यांत बोलत नाही.

मुलांचे बोलणे तेथे दुसरीकडे चालले होते. तिसरीतील प्रत्येक मुलाकडे कोऱ्या कागदांची, दोऱ्याने शिवलेली छोटी वही होती. सोमवारी मूल तीत एकच वाक्य लिही. त्यापूर्वी गुरुजी तीन प्रश्न विचारत : काय करणार? कधी करणार? झाले, हे आपल्याला कसे कळणार? वाक्याशेजारी मूल एक रिकामे वर्तुळ काढी आणि जेवढे काम झाले असेल, तेवढे ते शुक्रवारी स्वतः रंगवी.

एका मुलीने लिहिले होते, 'मला बाराचा पाढा येईल.' गुरुजींनी विचारले, "तो आपण होऊन येईल का? तू काय करशील?" तिने थोडा विचार केला आणि नवे वाक्य लिहिले : 'मी रोज बकऱ्या चारताना बाराचा पाढा म्हणीन.' व्याकरण शिकवण्यात आयुष्य घालवूनही या दोन वाक्यांतील अंतराचा मी असा विचार कधी केला नव्हता. मराठीत कौशल्य 'येते'. 'मला पोहता येते', 'मला वाचता येते' या वाक्यांत 'मी' कर्ता नसतो. ज्याच्याकडे काही येते, असा तो असतो. 'मी म्हणीन' या वाक्यात मात्र क्रिया मुलाच्या हाती असते. येणे हे फळ आहे, करणे हे काम. मुलाने ध्येय ठरवायचे ते कामाचे. आणि माझ्या तक्त्यावर तर 'लिहिणे' होते. त्या रूपाला पुरुष नाही, काळ नाही. ते कोणी लिहायचे आणि कोणासाठी, हे त्यात कोठेच नव्हते.

एका मुलाचे वाक्य होते, 'मी पाटी वाचसू.' अहिराणीतील 'वाचसू' म्हणजे 'वाचीन'. बाजारातील दुकानांच्या पाट्या त्याला वाचायच्या होत्या. हे वाक्य प्रमाण मराठीत का लिहून घेतले नाही, असे मी विचारले. गुरुजी म्हणाले, "मॅडम, वाक्य त्याचे आहे. मी बदलले तर ते माझे होईल. वाचता वाचता 'वाचीन' त्याच्याकडे येईलच."

शुक्रवारी त्या मुलाने अर्धेच वर्तुळ रंगवले. 'पिठाची गिरणी' त्याने वाचली होती. 'कृषी सेवा केंद्र' या पाटीपाशी तो अडला होता. वही पुढे करून त्याने आपण होऊन 'कृ'वर बोट ठेवले. कोणी रागावले नाही, कोणी आकडा मांडला नाही. पुढच्या सोमवारचे वाक्य त्या अर्ध्या वर्तुळातून निघाले : 'कृ' असलेले पाच शब्द शोधायचे.

मी ते पाहत उभी होते. माझ्या मुलीने न येणारे शब्द लपवले होते, या मुलाने ते पुढे केले. दोघांच्याही प्रगतीची नोंद होतच होती. एक नोंद पाहणाऱ्यासाठी होती, दुसरी करणाऱ्यासाठी.

विद्यार्थिमित्रहो, आपल्यापैकी अनेक जण पालक आहेत, काही शिक्षक वा अंगणवाडी सेविकाही असतील. घरातील मुलाला ध्येय ठरवू द्याल, तेव्हा वाक्य त्याचे असू द्या, लहान असू द्या आणि त्यातील क्रियापद त्याच्या हातचे असू द्या. अर्धे वर्तुळ दिसले, तर 'का नाही केलेस?' याऐवजी 'कोठे अडलास?' असे विचारा. वाक्य मोठे झाले असेल, तर ते लहान करायला मदत करा. नोकरी, संसार सांभाळून रात्री ही पुस्तिका उघडताना स्वतःसाठीही असे एक वाक्य लिहून पाहा. 'मला व्याकरण येईल' असे नको. 'मी आज समासाची दोन पाने वाचीन' एवढे पुरेसे आहे.

माझी मुलगी आता नोकरीनिमित्त दुसऱ्या शहरात असते. तिच्या निरोपांत शुद्धलेखनाची एकही चूक नसते. ते वाचताना मला अजूनही अंगणात आलेले ते मुंगूस आठवते.