डबा खराब नाही, टीव्हीला तो वाचता येत नाही

नव्वदच्या दशकात आपण ज्याला नुसतं 'व्हिडिओ गेम' म्हणत होतो, तो बहुतेक वेळा निन्टेंडोच्या फॅमिकॉमची नक्कल असे. मूळ यंत्र जपानात 1983 साली आलं. आपल्या बाजारात त्याच्या नकला वेगवेगळ्या नावांनी विकल्या गेल्या. ज्यांना घेणं परवडत नव्हतं ती पोरं तासावर पैसे देऊन मारिओ खेळत.

माझ्या मर्हूम भाईजानांचा असा एक गेम अम्मीने कपाटात जपून ठेवला होता. भाईजान गेले तेव्हा त्यांचा मुलगा चार वर्षांचा होता. आता तो आठवीत आहे. अब्बू कशावर खेळायचे ते त्याला बघायचं होतं. वडप्याच्या घरातल्या नव्या टीव्हीला गेम जोडला, तर चित्र आडवं ताणलेलं, हलणाऱ्या मारिओच्या कडांना कंगव्यासारखे दात. बटण दाबल्यावर उडी उशिराच. सगळ्यांचा निकाल एकच: खराब झालाय, भंगारात द्या.

खराब काहीच नव्हतं. जुन्या टीव्हीत प्रत्येक चित्र दोन हप्त्यांत येई, आधी एकाआड एक रेघा, मग मधल्या. गेम मात्र साधारण 240 रेघांचं अख्खं चित्र दरवेळी त्याच जागी काढतो. काचेच्या नळीचा टीव्ही येईल तशी रेघ ओढत जाई, त्याला फरक पडत नसे. नवा टीव्ही दोन वेगळी चित्रं अर्धी अर्धी समजून एकत्र शिवतो. दात त्यामुळे दिसतात. शिवण्यात आणि मोठं करण्यात वेळ जातो, म्हणून उडी उशिरा.

उर्दू लिहिताना आपण जेर-जबर सहसा देत नाही. सवयीचा वाचक ते मनात भरून घेतो, नवखा अडखळतो. म्हणून लिहिणाऱ्याला चुकीचं ठरवत नाहीत. वर्गात मात्र आपण हेच करतो. उर्दू घरातून आलेलं पोर मराठीच्या तासाला गप्प बसलं की 'कच्चं' असा शिक्का बसतो. ऐकणाऱ्याला कळलं नाही, हे कुणी म्हणत नाही.

उपाय आहेत. नव्या टीव्हीला पिवळी-पांढरी पिन लावायची जागा नसेल, तर एव्हीचं एचडीएमआय करणारा छोटा डबा काही शे रुपयांत मिळतो. टीव्हीच्या सेटिंगमध्ये चित्र 4:3 करा, म्हणजे मारिओ जाड दिसणार नाही. 'गेम मोड' चालू करा, उशीर कमी होतो. स्वस्त डबाही रेघा चुकीच्याच शिवतो, त्यामुळे दात पूर्ण जात नाहीत. 'रेट्रोटिंक'सारखी यंत्रं 240 रेघांना अख्खं चित्र म्हणूनच वाचतात, पण त्यांना हजारो रुपये पडतात. अडॅप्टर बदलायचा असेल तर व्होल्ट आणि प्लस-मायनस आधी बघा.

एक गोष्ट मात्र कुठलाच डबा करू शकत नाही. बदकं मारायची बंदूक गोळी सोडत नाही, ती पडद्यावरचा उजेड बघते. घोडा ओढला की पडदा क्षणभर काळा होतो आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो. तो उजेड ठरल्या क्षणी दिसला तरच नेम लागतो. नव्या पडद्यावर तो उशिरा येतो. तिथे नळीचाच टीव्ही हवा.

आमच्या वडप्याच्या गोदामांतून रोज नवा माल भरून ट्रक निघतात, आणि जुने टीव्ही हातगाडीवरून भंगारात जातात. आतल्या तांब्याच्या तारेचे पैसे मिळतात. नळीच्या काचेत शिसं असतं, तो कचरा मागे राहतो. चालू टीव्ही असेल तर मोहल्ल्यात एखादा तरी ठेवा.

पुतण्या आता सेटिंग स्वतः करतो. मारिओ पहिल्याच खड्ड्यात पडतो, तेव्हा अम्मी म्हणते, "तुझा बापही इथंच पडायचा."