चिमणी उरली

दारू आम्हाला हराम. पिणे सोडाच, तिचा धंदाही. तरीही लंडनमधल्या वाँड्सवर्थच्या रॅम ब्रुअरीची हकिगत वाचून आम्ही बेचैन झालो. तिथे बिअर बनत असल्याची नोंद १५८१ ची. १८३१ मध्ये यंग घराण्याने ती घेतली. जवळपासच्या पबना माल घोडागाडीने जाई. २००६ मध्ये कारखाना बंद झाला, जमीन विकली गेली, पुढे फ्लॅट उभे राहिले. चिमणी राखली.

आम्ही गिरणी कामगाराची मुले. १९८२ च्या संपानंतर अब्बा पुन्हा मागावर उभे राहिले नाहीत. गिरण्यांच्या जमिनींवर टॉवर आले. बिअर हराम खरी; पण रोजी गेलेल्या घरातली संध्याकाळ तिथली काय नि इथली काय, सारखीच.

एक गोष्ट मात्र मनाला लागली. ब्रुअरी बंद झाल्यावरही तिथल्याच एका जुन्या माणसाने त्याच आवारात थोडी थोडी बिअर बनवणे चालू ठेवले, शतकांचा धागा तुटू नये म्हणून. २०२१ मध्ये सॅमब्रुक्स ही छोटी ब्रुअरी तिथे आली.

आम्ही काय राखले? अब्बांचा धोटा कपाटात आहे. तो कशाचा, हे मुलांना अजून सांगितलेले नाही.