सरवा

आमच्या शाळेत दुपारची खिचडी सरकारची असते आणि दिवाळीच्या सुट्टीआधीचे लाडू एका दानशूर गृहस्थांचे. खिचडीत मीठ कमी पडले, की दुसरीतले पोरदेखील ‘गुरुजी, आज अळणी आहे’ असे बेधडक सांगते. लाडू कितीही कडक असो, त्याबद्दल कुणी ब्र काढल्याचे मी ऐकलेले नाही. गृहस्थ मोठे प्रेमळ. प्रत्येकाची नावाने विचारपूस करतात. खिचडी कुणाचे नाव विचारीत नाही.

प्रेमाने दिलेले बरे, की कायद्याने मिळालेले? ख्रिस्ती जगात हा तंटा फार जुना आहे, आणि गंमत अशी, की आधार दोन्ही पक्षांना बायबलचाच! देणाऱ्याने आनंदाने द्यावे, जुलमाने नव्हे, असे पौल करिंथकरांना बजावतो. उलट मोशेचे नियमशास्त्र शेतकऱ्याला सरळ आज्ञाच करते: शेताच्या कडा कापू नको, गळालेले वेचू नको, तो सरवा गरिबाचा आणि उपऱ्याचा.

पहिल्या पक्षाचा खंदा वकील म्हणजे ग्लासगोचा धर्मोपदेशक थॉमस चामर्स. १८१९ साली त्याच्याकडे सुमारे दहा हजार वस्तीचा एक गरीब पॅरिश आला. सक्तीच्या करातून येणारी मदत त्याने नाकारली, वस्तीचे २५ भाग पाडले आणि प्रत्येकावर एक सेवक नेमला. हा सेवक घरोघर जाई. काम मिळेल का, नातलग हात देतील का, हे आधी पाही. आणि मगच चर्चच्या दाराशी जमलेल्या पैशांतून मदत देई. गरिबांवरचा वर्षाचा १४०० पौंडांचा खर्च २८० वर आला. कर भरला की शेजारधर्म संपला असे माणसाला वाटू लागते, ही चामर्सची धास्ती. ती खोटी आहे असे कोण म्हणेल? परंतु चामर्स १८२३ साली तेथून गेला आणि १८३७ साली तो प्रयोगही मिटला.

दुसऱ्या पक्षाला कँटरबरीचे आर्चबिशप विल्यम टेम्पल लाभले. ‘ख्रिश्चॅनिटी अँड सोशल ऑर्डर’ हे त्यांचे पुस्तक १९४२ चे. बेव्हरिजचा प्रसिद्ध अहवालही त्याच सालचा. समाजाची घडीच अन्यायाची असेल, तर नुसत्या दयेने भागत नाही, असे टेम्पल यांचे म्हणणे. ५ जुलै १९४८ रोजी इंग्लंडातला जुना गरिबांचा कायदा संपला. आणि त्याच वर्षी बेव्हरिजने दुसरे पुस्तक लिहिले, ते स्वेच्छेने केलेल्या लोककार्याची थोरवी सांगणारे!

मला त्याचे नवल वाटत नाही. मागच्या पावसाळ्यात माझ्या वर्गातल्या एका मुलीचा बाप गेला. सरकारी मदतीचा अर्ज टेबलाटेबलांवरून फिरत होता, तोवर वस्तीतल्या बाया तिच्या घरी भाकऱ्या पोहोचवीत होत्या. अर्जाच्या भरवशावर ते घर महिनाभर उपाशी राहिले असते. आणि बायांच्या भरवशावर वर्ष निघाले नसते. त्यांच्याही टोपल्यांत मोजक्याच भाकऱ्या होत्या.

म्हणून मला रूथची गोष्ट आवडते. परदेशची ती विधवा बवाजाच्या शेतात सरवा वेचायला गेली. तेथे जाण्याचा हक्क तिला नियमशास्त्राने दिला होता. त्यासाठी तिला कुणाच्या दारात हात पसरावा लागला नाही. पण बवाज तेवढ्यावर थांबला नाही. पेंढ्यांतली कणसे तिच्यासाठी मुद्दाम गळू द्या, असे त्याने गड्यांना सांगितले. आणि तिला धमकावू नका, असेही.

नियम नसता, तर रूथ बांधावरच उभी राहिली असती. बवाज नसता, तर संध्याकाळी तिचा पदर इतका जड झाला नसता. मात्र मुद्दाम गाळलेले कणीस कोणते आणि आपोआप गळालेले कोणते, हे वेचताना तिला कुणी सांगितले नाही. देण्याची याहून सभ्य रीत मला ठाऊक नाही.