पत्ता सांगणारा

टपाल खात्याच्या रेल्वे मेल सर्व्हिसमध्ये माझी ३८ वर्षे गेली. १९७४ साली लागलो, २०१२ साली निवृत्त झालो. रात्रीच्या गाडीच्या हलत्या डब्यात उभे राहून पत्रे गावागावांच्या खणांत टाकायची, हे माझे काम. त्यामुळे ‘पत्ता सापडत नाही’ असे मला कुणी सांगितले की आजही थोडा राग येतो. गेल्या जून महिन्यात हेच शब्द मला घरच्या संगणकाने ऐकवले, आणि तेही नेमके नको त्या दिवशी.

प्रसंग असा. आमचे चिरंजीव टोरांटोला असतात. त्यांना कन्यारत्न झाले आणि दुसऱ्या दिवशी तिचे बारसे होते. नाव ठेवण्याचा मान आत्याचा. पण आत्या म्हणजे आमची कन्या, ती देवासला शाळेत शिकवते. तेव्हा असे ठरले की तिने इंदूरला आमच्याकडे यावे, तिकडे पाळण्याजवळ संगणक ठेवावा आणि इकडून आत्याने बाळाला नाव सांगावे. आपल्याकडचे संध्याकाळचे सात म्हणजे त्यांच्याकडचे सकाळचे साडेनऊ. सौभाग्यवतींचे नुकतेच मोतीबिंदूचे ऑपरेशन झालेले. फोनच्या तळहाताएवढ्या पडद्यावर त्यांना नातीचा चेहरा दिसला नसता. शिवाय रामबागेतली जुनी शेजारीपाजारी मंडळी बोलावली होती. म्हणून संगणकाचा मोठा पडदा हवाच होता.

आमचे जुने कनेक्शन अधूनमधून बंद पडत असे. ऐन वेळी फजिती नको म्हणून मी मुद्दाम आदल्या दिवशी दुसऱ्या कंपनीचे नवे कनेक्शन घेतले. दुपारी एक तरुण मुलगा येऊन तार ओढून गेला. स्वतःच्या फोनवर त्याने सारे चालते असे दाखवले आणि पुढच्या घरी गेला. संध्याकाळी मी संगणक लावला, तर एकही ठिकाण उघडेना. दरवेळी एकच उत्तर: या नावाचा पत्ता सापडत नाही. राउटर दोनदा बंद करून लावला, संगणकही बंद करून लावला. उत्तर तेच. मग मी त्या मुलाला फोन केला आणि जे बोलू नये ते बोललो. काम अर्धवट टाकून पळालास, असेही म्हणालो. तो बिचारा म्हणत होता, “अंकल, लाइन तो चालू है, आप एक बार फिर देख लीजिए.” मी फोन आपटला.

रात्री जेवणे झाल्यावर राग जरा निवला, आणि माझ्यातला जुना सॉर्टर जागा झाला. पत्र परत आले म्हणजे रस्ता खचला असे आम्ही कधी मानत नसू. गाडी वेळेवर गेली का, थैली उतरली का, पत्ता कुणी वाचला, असे एकेक विचारत जायचे. तोच क्रम येथे का लावू नये?

वाचकहो, संगणकाची ही व्यवस्था टपालासारखीच आहे. आपण नाव लिहितो, पण यंत्राला लागतो तो क्रमांक. पूर्वी या जाळ्यातील सगळ्या यंत्रांची नावे आणि क्रमांक यांची एकच यादी कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत ठेवली जाई आणि सर्वांनी ती उतरवून घ्यायची. यंत्रे वाढली तशी ती यादी आवरेना. तेव्हा १९८३ साली पॉल मोकापेट्रिस यांनी नवी योजना आखली: एकाने सर्व काही जाणण्याऐवजी प्रत्येकाने आपापल्या भागाचे जाणावे. आम्ही पत्ता खालून वर वाचत असू. आधी प्रांत, मग गाव, मग मोहल्ला, शेवटी माणूस. १९७२ साली पिनकोड आला त्यातही पहिला आकडा विभागाचाच. तसेच येथे नाव उजवीकडून डावीकडे वाचले जाते. अगदी मुळाशी १३ नावांनी ओळखली जाणारी ठिकाणे आहेत. ती शेवटच्या तुकड्याचे दफ्तर कोठे ते सांगतात, ते दफ्तर पुढचे सांगते, आणि असे करत करत क्रमांक हाती येतो. ही सारी पायपीट आपला संगणक स्वतः करीत नाही. तो एका ठरलेल्या पत्ता सांगणाऱ्याला विचारतो. तो हिंडून येतो, उत्तर देतो आणि काही मुदतीपर्यंत ते आपल्याजवळ टिपूनही ठेवतो. हा पत्ता सांगणारा बहुधा आपल्याला कनेक्शन देणाऱ्या कंपनीचाच असतो.

आता तपास सुरू केला. कन्येला म्हटले, “तुझ्या फोनचा स्वतःचा डेटा बंद कर आणि घरच्या वायफायवर काही उघडून बघ.” ती म्हणाली, “बाबा, सगळं उघडतंय की!” म्हणजे तार शाबूत, राउटरही शाबूत. दोष फक्त संगणकाकडे. मग संगणकाची ती काळी खिडकी उघडली आणि ‘पिंग’ ही आज्ञा देऊन नावाऐवजी थेट ८.८.८.८ या क्रमांकाला हाक मारली. चारही हाकांना उत्तर आले. म्हणजे संगणकापासून बाहेरच्या जगापर्यंतचा रस्ताही मोकळा. नावाला तेवढी वाट मिळेना.

त्यानंतर ‘एनएसलुकअप’ ही आज्ञा दिली. आपण कोणत्या क्रमांकाच्या पत्ता सांगणाऱ्याला विचारतो आहोत, हे ती दाखवते. तिने एक क्रमांक दाखवला आणि पुढे लिहिले की वाट पाहण्याची वेळ संपली, उत्तर नाही. तोच प्रश्न मी १.१.१.१ या दुसऱ्या, सर्वांसाठी खुल्या असलेल्या पत्ता सांगणाऱ्याकडे धाडला. उत्तर तत्काळ आले. तेव्हा चोर सापडला. पण हा न बोलणारा गृहस्थ माझ्या संगणकात आला कोठून?

माझी जुनी सवय अशी की यंत्राला हात लावला की वहीत नोंद करायची. वही काढली. २०१९ च्या दिवाळीच्या पानावर माझ्याच अक्षरात तो क्रमांक लिहिलेला! त्या वेळच्या राउटरकडून ही माहिती नीट मिळत नव्हती, म्हणून चिरंजीव सुटीवर आले असता मीच त्यांच्याकडून जुन्या कंपनीचा क्रमांक संगणकात कायमचा बसवून घेतला होता. खाली लिहिले होते, ‘कनेक्शन बदलल्यास हे काढणे.’ दुपारी आम्ही कंपनी बदलली. अशा कंपन्यांचे पत्ता सांगणारे बहुधा आपल्याच ग्राहकांना उत्तर देतात. आता आम्ही परके झालो होतो, आणि माझा संगणक मात्र निष्ठेने त्याच बंद दारावर थापा मारीत बसला होता. फोनमध्ये असा हाताने बसवलेला क्रमांक नव्हता. राउटरने नवा क्रमांक सांगितला, तो त्याने घेतला.

इलाज दोन मिनिटांचा निघाला. नेटवर्कच्या रचनेत जाऊन तो क्रमांक काढला, पत्ता सांगणारा आपोआप मिळू दे अशी खूण केली, आणि संगणकाने जवळ टिपून ठेवलेली जुनी उत्तरेही खबरदारी म्हणून पुसून टाकली. पडदा उजळला. रात्रीचे साडेअकरा झाले होते. सौभाग्यवती म्हणाल्या, “झालं ना? मग आता त्या मुलाचं काय?”

त्या प्रश्नाने मला झोप लागू दिली नाही. ३८ वर्षांत कधी टपालाच्या पोऱ्यावरही चढ्या आवाजात बोललो नाही, असे मी लोकांना सांगत असतो. आणि येथे स्वतःची एक जुनी सोय विसरलो, तिचे खापर एका कष्टकरी पोराच्या माथी फोडले. यंत्रात बसवलेला क्रमांक काढता येतो. पण ‘चूक झाली असेल तर समोरच्याचीच’ हा वयाबरोबर मनात बसलेला क्रमांक? त्याची नोंद तर कोणत्याही वहीत नसते.

सकाळी त्याला फोन केला, झाले ते जसेच्या तसे सांगितले आणि माफी मागितली. त्याला क्षणभर काय बोलावे सुचेना. मग म्हणाला, “अरे अंकल, हो जाता है.” मी त्याला संध्याकाळी यायचे आमंत्रण दिले.

बारसे यथासांग पार पडले. आत्याने पडद्याजवळ तोंड नेऊन ‘कुर्र’ केले, नाव सांगितले आणि शेजारणींचे धपाटे पाठीत घेतले. पाळण्यात बाळाने डोळे किलकिले केले. सौभाग्यवतींना ते स्पष्ट दिसले. तो मुलगा काम आटोपून आठ वाजता दारात आला. मी त्याच्या हातात घुगऱ्यांची वाटी आणि पेढा ठेवला. त्याने आधी संगणकाकडे नजर टाकली, सारे चालले आहे ना याची खात्री करून घेतली, आणि मग विचारले, “अंकल, बिटिया का नाम क्या रखा?”

आज पहिल्यांदाच ते नाव मी घराबाहेरच्या कुणाला सांगत होतो.