सोलापूरची पावले आणि आकाशातील साक्षी

सोलापूर हे नगर पायांनी ओळखावे असे आहे. बाराव्या शतकातील शिवयोगी सिद्धरामेश्वर यांनी येथे ६८ लिंगे स्थापिली व लोकांच्या श्रमातून तलाव सिद्ध केला, असे परंपरा सांगते. मकरसंक्रांतीच्या सुमारास उंच नंदीध्वज पेलीत भाविकजन या लिंगांस तैलाभिषेक करण्यासाठी नगरप्रदक्षिणा करतात. ही वाट कोणी कागदावर रेखाटली, तर जुन्या सोलापूरचा नकाशाच उमटेल.

असे रेखाटन करणारा साक्षी आता आकाशात आहे. सुमारे २०,००० किलोमीटर उंचीवरून फिरणारे उपग्रह अहर्निश कालसंकेत पाठवितात. निदान चार उपग्रहांचे संकेत किती वेळाने पोहोचले, यावरून खिशातील मोबाईल आपले स्थान काढतो. मूळची लष्करासाठी निर्मिलेली ही 'जी.पी.एस.' विद्या आज मनुष्य किती हिंडतो व कोठे बसून राहतो, हे अभ्यासण्यासही वापरतात. सकाळी तळ्याकाठून भुईकोट किल्ल्याच्या तटापर्यंत चालून यावे, की ती सारी वाट रेषारूपाने पडद्यावर उमटते.

या अभ्यासाचे प्रयोजन क्षुल्लक नव्हे. चरकसंहितेत प्रमेहाच्या कारणांमध्ये 'आस्यासुख', म्हणजे बसून राहण्याचे सुख, अग्रस्थानी आहे. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या भारतीय पाहणीत महाराष्ट्रही अंतर्भूत होता. तीत शेकडा ५४ माणसे पुरेशी हालचाल न करणारी आढळली. शहरांत हे प्रमाण शेकडा ६५, तर खेड्यांत ५० होते. ही माहिती प्रश्न विचारून मिळविलेली होती. पण काल आपण किती वेळ बसलो होतो, हे किती जणांस नेमके सांगता येईल? म्हणून यंत्राची साक्ष हवी.

तथापि साक्षीदाराची दृष्टी कोठवर पोहोचते, हेही पाहिले पाहिजे. १९५३ साली मॉरिस या ब्रिटिश वैद्याने लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरील सेवकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. बसून गाडी हाकणाऱ्या चालकांत हृद्रोग अधिक, तर दिवसभर जिने चढउतार करणाऱ्या वाहकांत तो कमी आढळला. गंमत अशी, की उपग्रहाने या दोघांची एकच रेषा काढली असती!

सोलापूरच्या पूर्व भागात हा पेच पावलोपावली दिसतो. येथील पद्मशाली विणकरांचे पूर्वज तेलंगणातून आले. हातमाग आता विरळा. यंत्रमागावरील कामगार खडखडाटात मागांमधून दिवसभर उभ्याने फेऱ्या घालतो. शेजारच्या घरात पाने व तंबाखू आणून विड्या वळणारी माउली तासन्‌तास एका बैठकीवर असते. चालतात ती फक्त बोटे. आकाशातून पाहता हे दोघेही स्थिर बिंदूच. शिवाय छपराखाली व अरुंद बोळांत उपग्रहाचा संकेत क्षीण होतो, तो वेगळाच.

यास्तव जाणते संशोधक शरीराची हालचाल मोजणारे दुसरे लहान यंत्र कमरेस अथवा मनगटास बांधतात. एकाने 'कोठे' सांगावे, दुसऱ्याने 'किती'. दोहोंचा मेळ घातला, म्हणजे माणसे कोणत्या रस्त्याने चालतात, कोणता टाळतात, बागेचा लाभ कोणास होतो, हे उमगते. मग पदपथ कोठे हवा, हेही ठरविता येते. मात्र केवळ नकाशा पाहून निर्णय घेतले, तर दारातून दिसणारे लोकच मोजले जातील व घरात राबणारी स्त्री रिकामी ठरेल. हा अन्याय लहान नव्हे.

आपल्या एकत्र कुटुंबातही हाच प्रकार आहे. आरामखुर्चीतील आजोबा व पहाटेपासून स्वयंपाकघरात उभी असलेली सूनबाई, दोघांचाही बिंदू एकाच घरावर पडतो. घरातील मुलांनी हौसेने वडिलधाऱ्यांच्या खिशात असे यंत्र ठेवावयाचे असेल, तर आधी त्यांची संमती घ्यावी. कोण कोठे जातो, ही ज्याची त्याची खाजगी गोष्ट आहे.

मोजमाप उपयोगी खरे, पण मोजल्याने कोणी निरोगी होत नाही. बैठक मोडून वरचेवर उठावे, सायंकाळी तळ्याकाठी चार पावले टाकावीत, आणि जिला बाहेर पडण्यास सवडच मिळत नाही, तिच्या हातातील काम थोडा वेळ आपण घ्यावे. एवढे समजण्यास उपग्रहाची साक्ष लागत नाही.