तांब्याचा पत्रा

मिरजेला उतरणारे बहुतेक जण दर्ग्याकडे, सतारमेकर गल्लीत नाहीतर दवाखान्यात जातात. मी आलो होतो 1805 सालच्या गीतेच्या ओढीने. नाना फडणिसांच्या उत्तेजनाने पुण्यात तांब्याच्या पत्र्यावर देवनागरी अक्षरं कोरायचं काम सुरू झालं होतं. 1800 मध्ये नाना गेले. मग मिरजेच्या गंगाधरराव पटवर्धनांनी त्या कामाला आश्रय दिला आणि इथे भगवद्गीता छापून निघाली.

त्याच वर्षी लंडनमध्ये व्यंगचित्रकार जेम्स गिलरेही तांबंच कोरत होता. त्याच्या चित्रात पंतप्रधान पिट आणि नेपोलियन समोरासमोर बसून पृथ्वीचा गोल कापून ताटात वाढून घेतात. त्याच्या प्रकाशक हॅना हम्फ्रीबाईंच्या दुकानाच्या काचेत अशी चित्रं लागली की रस्त्यात गर्दी होई. तिसऱ्या जॉर्जची कंजुषी, त्याच्या युवराजाची खादाडी, काहीच सुटलं नाही. पुढे तोच युवराज चौथा जॉर्ज झाला. आपली अश्लील चित्रं काढू नयेत म्हणून 1820 मध्ये जॉर्ज क्रुकशँक या व्यंगचित्रकाराला 100 पौंड मोजावे लागले!

कसब दोन्हीकडे होतं. पण मिरजेच्या पत्र्यामागे आश्रयदाता होता, लंडनच्या पत्र्यामागे गिऱ्हाईक. राजाला हसायचं चित्र राजाच्या पैशाने छापता येत नाही.

साताऱ्याच्या गाडीत वाटेवर किर्लोस्करवाडी लागते. औंधच्या पंतप्रतिनिधींनी दिलेल्या माळावर 1910 मध्ये ती वसली. 1920 मध्ये शंकरराव किर्लोस्करांनी इथूनच मासिक काढलं. ते स्वतः व्यंगचित्रं काढत. चित्र विकत घेऊन हसणारं गिऱ्हाईक आपल्याकडेही तयार झालं, शंभरेक वर्षं उशिरा.

साताऱ्यात मात्र मन जड होतं. आपल्या राजाची टिंगल दुकानाच्या काचेत खपवून घेणाऱ्या देशाच्या ईस्ट इंडिया कंपनीने 5 सप्टेंबर 1839 ला छत्रपती प्रतापसिंहांना गादीवरून उतरवून काशीला धाडलं. त्यांनी मागितलेली उघड चौकशी काही झाली नाही. हा अन्याय मला आजही बोचतो. त्यांचे वकील रंगो बापूजी लंडनला गेले. छापलेल्या कागदाची ताकद त्यांनी ओळखली. जोसेफ ह्यूम, जॉर्ज थॉम्प्सन या ब्रिटिश पुढाऱ्यांना आपल्या बाजूला वळवलं. साताऱ्याच्या बाजूची भाषणं, पत्रकं इंग्रजीत छापली गेली. प्रतापसिंह 1847 मध्ये काशीतच वारले, पुढच्या वर्षी राज्य खालसा झालं, तरी रंगो बापूजी 1853 पर्यंत लंडनमध्येच झगडत राहिले.