वीणेचे वजन

वारीच्या दिंडीत टाळकरी पुष्कळ असतात, पताका पुष्कळ असतात, डोक्यावर तुळस घेतलेल्या बायाही पुष्कळ असतात. वीणा मात्र एकच असते. ज्याच्या गळ्यात वीणा तो दिंडीचा मुख्य. तो थांबला की दिंडी थांबते. भजन चालू असताना ती खाली टेकवायची नाही असा दंडक आहे. अखंड हरिनाम सप्ताहात तर सात दिवस आणि सात रात्री ती कुणाच्या ना कुणाच्या गळ्यात असते. हे सारे आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक असेल. पण त्या वीणेचे वजन किती, हा प्रश्न सहसा कुणाला पडत नाही. मलाही तो आबांची मान दुखू लागली तेव्हाच पडला.

आबा म्हणजे माझे आजोबा. वय ७४. बारामती तालुक्यातल्या आमच्या गावची दिंडी माउलींच्या पालखीबरोबर चालते आणि तिची वीणा २१ वर्षे आबांच्या गळ्यात आहे. आळंदी ते पंढरपूर म्हणजे सुमारे अडीचशे किलोमीटर. डॉक्टरांनी मणक्याचा एक्स-रे पाहून बजावले, मानेवर ओझे घ्यायचे नाही. आबा म्हणाले, "ओझं कुठं घेतो? वीणा घेतो." पुढे बोलणेच खुंटले. घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. त्यामुळे असल्या वेळी सगळे माझ्या तोंडाकडे पाहतात. मी मनाशी म्हटले, आबा बदलणार नाहीत, तर वीणा बदलून पाहावी.

हा विचार सुचायला एक गिटार कारणीभूत झाली. पुण्यात आम्ही चौघे एका खोलीत राहतो. त्यातल्या एकाकडे कार्बन फायबरची प्रवासी गिटार आहे. तो इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, सह्याद्रीत भटकणारा. गिटार जेमतेम दीड किलोची, पण एवढ्यानेही त्याचे समाधान नाही. एकदा त्याने तिच्या सहाही चाव्या काढून किराणा दुकानाच्या काट्यावर ठेवल्या. भरल्या दोनशे ग्रॅम. "हलक्या चाव्या लावल्या तर सत्तर ग्रॅम वाचतील," म्हणाला. सत्तर ग्रॅमसाठी एवढा खटाटोप पाहून मला हसू आले. तेव्हा त्याने मला गिटार आडवी धरायला लावली. चाव्या असताना ती टोकाकडे झुकत होती, काढल्यावर हातात स्थिर राहिली. वजन किती यापेक्षा ते कुठे आहे, याला महत्त्व असते हे मला तेव्हा उमगले.

माझा समज होता की कार्बन फायबर लाकडापेक्षा हलके असते. प्रत्यक्षात तेवढ्याच आकाराच्या लाकडाच्या तुकड्यापेक्षा ते तिपटीने जड भरते! पण ते इतके ताठ असते की अगदी पातळ पत्र्यावर भागते. लाकडाचे तसे नाही. फळीची जाडी निम्मी केली की तिचा ताठपणा निम्मा नव्हे, आठव्या हिश्शावर येतो आणि तारांच्या ओढीने ती बसते. शिवाय कार्बन फायबरला पावसाचे भय नाही. परदेशात हेलिकॉप्टर बनवणाऱ्या चार्ल्स कामन यांनी १९६६ साली कृत्रिम धाग्यांची गोलाकार पाठ असलेली गिटार काढली. तिचे चित्र पाहून मला आपला भोपळाच आठवला.

तसली वीणा मला कुठे मिळाली नाही. मिळती तरी किंमत झेपली नसती. म्हणून दिवाळीच्या सुट्टीत आबांची वीणा धोतरात गुंडाळून मी मिरजेची गाडी धरली.

मिरजेत शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगारांच्या घराण्यात गेल्या शतकाच्या आधीच्या शतकात फरीदसाहेब झाले. त्यांनी तलवारी सोडून तंतुवाद्ये हाती घेतली आणि पिढ्यान्पिढ्यांचा व्यवसाय उभा राहिला. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. वाद्यांना लागणारे भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतात. म्हणजे चंद्रभागेच्या मुलखात पिकलेला भोपळा मिरजेस जातो, तंबोरा होतो, आणि गाणाऱ्याबरोबर पुन्हा गावोगाव फिरतो.

आबांच्या वीणेचा भोपळा मात्र लाकडाचा, खोड कोरून केलेला. मी ज्या कारागिरांकडे गेलो त्या चाचांनी ती हातात तोलली आणि काट्यावर ठेवली. ३ किलो ४०० ग्रॅम. "खरा भोपळा लावला तर निम्मी होईल," म्हणाले, "पण दिंडीतल्या रेटारेटीत एक धक्का लागला की फुटेल." मग तबली पातळ करता येईल का, असे मी विचारले. त्यांनी मान हलवली. "आवाज खुलेल, पण दोन पावसाळ्यांत बसेल." ताठपणाचे जे गणित मी मित्राकडून शिकलो होतो, ते चाचांच्या बोटांना आधीच येत होते.

दोन दिवस त्यांच्या ओट्यावर बसून मी पाहत होतो. लाकडी भोपळा आतून कोरला, ३५० ग्रॅम भुसा निघाला. पितळी फुले आणि पट्ट्या उतरवल्या, १८० ग्रॅम. खुंट्या बारीक केल्या, ९० ग्रॅम. शेंड्यावरचा कोरीव मोर काढला, १४० ग्रॅम. टोकावरचे वजन म्हणून त्याचा फरक सर्वांत जास्त जाणवला. तो मोर आता आमच्या देव्हाऱ्यात आहे. शेवटी रुंद घोडी काढून लहान घोडी बसवली, तिने ६० ग्रॅम वाचले. "खर्ज थोडा आत जाईल," असे चाचांनी आधीच सांगितले होते. आबांच्या मानेपुढे मला तो सौदा मान्य होता. वीणा २ किलो ५८० ग्रॅमवर आली. घरी आजीने जुन्या लुगड्याची घडी शिवून चार बोटे रुंद पट्टा केला. आधीची सुती दोरी गळ्यात रुतत असे.

आबांनी वीणा घेतली, तार छेडली, डोळे मिटून ऐकले. म्हणाले, "खर्ज गेला की रं." मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "चालंल. मान बरी वाटती."

गेल्या वर्षीच्या वारीत भवानी पेठेतल्या पालखी विठोबा मंदिरातून माउलींची पालखी निघाली, तेव्हा मीही दिंडीत होतो. पुणे ते सासवड हा तीस किलोमीटरांहून अधिक लांबीचा टप्पा, आणि शेवटी दिवे घाट. हडपसरपर्यंत आबा ठीक होते. घाटाच्या पायथ्याशी ते थांबले, दिंडी थांबली. त्यांनी वीणा गळ्यातून काढून माझ्या गळ्यात घातली. माझा गळा बेसूर, पाठांतर हरिपाठापुरते. पण वीणा घेणारा आणि देणारा एकमेकांच्या पाया पडतात, ही रीत आहे. मी वाकलो. नंतर आबा वाकले. ७४ वर्षांचा माणूस माझ्या पायांवर डोके ठेवत होता आणि वीणा गळ्यात असल्यामुळे मला त्यांना उठवतादेखील येईना.

अर्धा घाट चढेपर्यंत खांदे भरून आले. २ किलो ५८० ग्रॅम म्हणजे काय ते मला मिरजेच्या काट्यापेक्षा त्या वळणावर नीट कळले. तेवढ्यात मागून आमच्या आळीतला एक टाळकरी पुढे आला, "दे थोडा वेळ" म्हणाला आणि वाकला. घाटमाथ्यापर्यंत वीणा चौघांच्या गळ्यांतून गेली. आबा शेजारून टाळ वाजवत, आमची चाल चुकली की डोळे वटारत चालत होते. सप्ताहात पहाऱ्याने वीणा घ्यायची जी जुनी पद्धत आहे, ती आम्ही त्या दिवसापासून वारीतही धरली.

यंदा वैशाखात मला पुन्हा मिरजेला जायचे आहे. रुंद घोडी चाचांनी जपून ठेवली आहे. ती बसवली की खर्ज परत येईल असे ते म्हणतात. ६० ग्रॅम वाढतील. वाढू देत, आता गळे चार आहेत.